दारातली बदकीण

आमचे हे प्राणी काढतात. सिनेमासाठी, हलणारे. वीस वर्षांच्या संसारात दुसरं काही यांनी काढलं नाही, भांडणसुद्धा. कोणी काही बोललं की हूं म्हणायचं आणि टेबलाशी जाऊन बसायचं. टेबलावर हातभर आरसा. प्राण्याचं तोंड कसं हलवायचं, ते आपलंच तोंड वेडंवाकडं करून त्यात बघायचं. मी चहा घेऊन जावं तर हे अस्वलासारखे गुरगुरत बसलेले. घरात यांचा आवाज ऐकू येतो तो एवढाच.

गेल्या वर्षी यांच्या ताईला नवऱ्याने घराबाहेर काढलं. लेकीला घेऊन त्या आमच्याकडे आल्या. दोन खोल्यांचं घर, त्यातली निम्मी खोली टेबलाने अडवलेली. मी त्यांना जा म्हटलं नाही, शपथेवर सांगते. फक्त अकराव्या दिवशी दारात उभी राहून म्हणाले, "ताई, आमचं काही नाही हो, तुमचीच गैरसोय होते." बाराव्या दिवशी त्या मुलीसकट बायकांच्या होस्टेलवर गेल्या. हे हूं म्हणाले.

परवा यांच्या नव्या सिनेमाचा खेळ घरच्या माणसांसाठी होता. नऊ मिनिटांचा, गाण्यांचा. जंगलाला आग लागते आणि ससे, साळिंदर, म्हातारं कासव आसरा शोधत बदकिणीच्या झोपडीशी येतात. बदकीण दार अर्धंच उघडते. मान तिरकी, चोच हसरी, डोळे मात्र गाठोडी मोजताहेत. गाता गाता एका पायाने पायपुसणं सरळ करते: "आमचं काय, या ना, या ना, तुमचेच होतील हाल!"

"मामी!" पुढच्या रांगेतून भाची ओरडली. सगळे हसले. ताईंनी तिचं तोंड दाबलं. मी लाजेने अर्धी झाले. इतकी हुबेहूब मी कुठल्या फोटोतही आले नव्हते.

शेवटी बदकीण दार सताड उघडते, सगळे आत जातात, टाळ्या पडतात. तो चेहरा मात्र माझा नव्हता. गोड होता, पण कुणाचाही.

निघताना ताई यांना हळूच म्हणाल्या, "होस्टेल बंद होतंय रे. एक तारखेला खोली सोडायचीय." हे हूं म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

बसमध्ये मी तोंड सोडलं. "चारचौघांत माझी शोभा केलीत! मग शेवटी तरी मलाच ठेवायचं होतं. तिथे कोण बया आणून बसवलीत?"

"ते मी नाही केलं," हे म्हणाले. "आधीचं तीन दिवसांत झालं, बघितलेलं होतं ना. शेवटच्यावर दोन महिने बसलो, जमेना. तसं कधी बघितलंच नव्हतं. मग दिलं दुसऱ्याला."

रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. हे आपले साधं, कामाचं सांगावं तसं सांगत होते. मला रडू आलं. एक तारखेला आठ दिवस होते, आणि ताईंना घरी आणू का, हे यांनी मला अजून विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हते.