रंगलेले अंगठे

आईच्या अंगठ्यांना मेंदी कोणामुळे लागली, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बायको स्वतःकडे दोष घेते. आई म्हणते, तिने स्वतः मागून लावून घेतली. मी तिथेच उभा होतो आणि हो-हो म्हणत होतो, म्हणून मला माझाही दोष वाटतो. आणि मुळात दोष मेंदीचा होता का, हेच मला नीट कळलेलं नाही.

माझी बहीण सिंगापूरला नर्स आहे. सावंगीला नर्सिंग शिकली, मग नागपुरात नोकरी केली आणि तिथून थेट तिकडे. आमच्या सेलूकडच्या खेड्यात तिच्या आधी कोणत्या मुलीचा पासपोर्ट निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं. तिला सातवा महिना लागला तेव्हा तिने फोनवर एवढंच सांगितलं, "आई, ओटी तूच भरजो. दुसऱ्या कोणाच्या हातानं मले नाई भरायची." तिच्या सुट्टीच्या रविवारी दुपारी चारची वेळ ठरली. शेजारच्या दोन-तीन बायकांना तिने बोलावलंही. वडील कापसाची वेचणी सोडून येणार नव्हते. आई, बायको आणि मी निघालो. क्वालालंपूरपर्यंत विमान आणि पुढे बस असा बेत मी आखला. तिकीट स्वस्त पडत होतं आणि आईला एकाऐवजी दोन देश दिसतील, असं मला वाटलं.

नागपूरच्या विमानतळावर पहिली चूक झाली. आईने घरच्या आंब्याचं लोणचं काचेच्या बरणीत भरून हातातल्या पिशवीत ठेवलं होतं, मोठ्या बॅगेत फुटेल म्हणून. तपासणीत ते काढून ठेवावं लागलं. मी शिकलेला माणूस, नियम मला माहीत असायला हवा होता.  विमानात बसल्यावर आई म्हणाली, "पोरीच्या घरी रिकाम्या हातानं चाललो मी."

साडी, बाळंतविडा, सगळं बॅगेत होतं. पण ते विकतचं. आईच्या लेखी हात रिकामेच होते.

क्वालालंपूरला एक दिवस होता. भारतीय दुकानांच्या रस्त्यावर फुलांच्या माळा, इडलीचा वास आणि फुटपाथवर स्टूल टाकून बसलेली एक मेंदीवाली. आई तिच्यासमोर थांबली. बायको गमतीने म्हणाली, "आई, रिकामे हात म्हणता नं, मग घ्या भरून." आई हसली आणि खरंच बसली.

मेंदीवाली तमिळ बोलणारी. तिने नक्षीचा अल्बम पुढे केला. मोर, वेली, बारीक जाळ्या. आईला त्यातलं काहीच नको होतं. तिला तिच्या लहानपणची मेंदी हवी होती: तळहातावर मोठा गोल ठिपका आणि दहाही बोटांना टोप्या, म्हणजे पहिल्या पेरापर्यंत बोट पूर्ण रंगवायचं. हे सांगायला तिने एका हाताच्या मुठीत दुसऱ्या हाताचा अंगठा धरला आणि फिरवला. मेंदीवालीला वाटलं, आजीचा अंगठा दुखतो. ती पर्स उघडून बाम शोधू लागली. बायको इतकी हसली की शेवटी तिनेच कोन हातात घेऊन आईच्या एका बोटाला टोपी काढून दाखवली. मग काम सुरू झालं. बायकोने स्वतःसाठी अल्बममधली वेल निवडली, मनगटापासून करंगळीपर्यंत, एकाच बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची बोटं पिकलेल्या जांभळाच्या रंगाची झाली होती. बसमध्ये ती हात पदराखाली घेऊन बसली. झाकण्यासाठी नाही, जपण्यासाठी.

मलेशियातून बाहेर पडताना कोणी बोटं घेतली नाहीत, काही अडलं नाही. पुढे सिंगापूरच्या नाक्यावर सामान घेऊन उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा आणि काचेच्या पट्टीवर दोन्ही अंगठे ठेवायचे. माझे लागले. बायकोचे लागले. आईचे लागेनात. मशीनवर लाल दिवा, पुन्हा ठेवा, पुन्हा लाल दिवा. काउंटरवरच्या माणसाने इंग्रजीत विचारलं, हे बोटांवर काय आहे? मी म्हणालो, मेंदी. त्याने विचारलं, का लावली? या प्रश्नाचं इंग्रजीत काय उत्तर द्यायचं ते मला सुचेना. मी म्हणालो, "सिस्टर, बेबी." त्याने आईच्या पोटाकडे पाहिलं.

आईला बाजूच्या खोलीत नेलं. मला दुभाषा म्हणून सोबत येऊ दिलं. बायको सामानाजवळ थांबली. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

खोलीतली अधिकारी बाई पन्नाशीची, सभ्य. तिने ओला कागद दिला, पुसा म्हणाली. आईने पुसलं. मग त्या बाईने स्वतः हलक्या हाताने पुसलं. मेंदी ती, ती कागदाने कशी जाणार? घासून घासून आजूबाजूची कातडी मात्र लाल झाली.

"बाबू, इले सांग, रंग आहे हा. जात नाई," आई म्हणाली.

"सांगितलं आई."

"मंग काऊन घासून राह्यली?"

 मला भीती वेगळीच वाटत होती. गावात रेशनच्या मशीनवरही आईचा अंगठा कधी कधी लागत नाही. तेव्हा तर मेंदी नसते. चाळीस वर्षं कापूस वेचून, निंदण-खुरपण करून तिच्या बोटांवर रेषा उरल्या आहेत की नाहीत, कोण जाणे. पण क्वालालंपूरला उतरल्यावर तिची बोटं लागली होती, तिसऱ्या वेळेला का होईना. तिथे तर्जन्या घेतल्या होत्या, इथे अंगठे. मग मेंदी की कापूस? अधिकारी बाईला यातलं काय सांगावं? मेंदी म्हटलं तर मुद्दाम बोटं झाकल्यासारखं दिसत होतं. रेषा झिजल्या म्हटलं तर ते माझ्या इंग्रजीत मावत नव्हतं.

बाईने विचारलं, या काय काम करतात?

"काय म्हनते?"

"तू काय काम करते विचारते."

"कापूस वेचतो म्हन." मग आईने टेबलावरचा पेन उचलला. "अन् सांग, मले सही येते. अंगठा नाई लागत तं सही घ्या म्हन. मी काही अंगठावाली बाई नाई."

मी बारावीत असताना आई रात्रशाळेत जाऊन सही करायला शिकली होती. मला कॉलेजात घालायच्या फॉर्मवर पालकाची सही तिने केली, अंगठा दिला नाही. आता तिने त्या ओल्या कागदाच्या कोपऱ्यावर आपलं नाव लिहिलं. कागद ओला, शाई पसरली. अधिकारी बाईने ते पाहिलं, मान हलवली आणि आईला चष्मा काढायला सांगितलं. एका यंत्रासमोर बसवून डोळ्यांचा फोटो घेतला. बहिणीच्या कामाच्या ठिकाणी चौकशीचा फोन गेला का, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. काही वेळाने पासपोर्ट परत मिळाला.

बाहेर आलो तर बस निघून गेली होती, आणि आमचे फोन इथे चालत नव्हते. तीन वाजून गेले होते.

बायको रडवेली होऊन म्हणाली, "आई, माझ्यामुळे झालं."

"तुह्यामुळं काय? मी मांगितली मेंदी. अन् डोये पाह्यले त्याइनं, पसंत पडले. चाल."

दुसरी बस, मग लोकल गाडी, मग चुकलेला जिना. बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. दोन शेजारणी वाट पाहून गेल्या होत्या, एक उरली होती. बहीण हिरवी साडी नेसून सोफ्यावर बसली होती, पाय सुजलेले, तोंड उतरलेलं.

"काऊन वं आई एवढा उशीर? फोन तरी करावा नं."

मी तोंड उघडलं. आई माझ्या आधी बोलली.

"बस बंद पडली होती रस्त्यात. तुह्या भावानं काहाडलेली स्वस्तातली बस."

बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. बायको पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ आतच राहिली. मग बहिणीचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. ती एकदम खुलली. "टोप्या लावल्या? अन् अंगठे असे सोललेले काऊन दिसून राह्यले?"

"खाज सुटली होती. नवी मेंदी हाय," आई म्हणाली. "उठ, पदर पुढं कर."

आईने ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड. त्या एका शेजारणीने फोटो काढला. तो बहिणीने फ्रेम करून भिंतीवर लावला आहे.

बाळ आता चालतं. फोनवर बहीण कधी कधी मला स्वस्तातल्या बसवरून टोमणा मारते आणि मी तो ऐकून घेतो. ती नर्स आहे. बोटांच्या रेषा झिजतात का, मेंदीने मशीन फसतं का, हे तिला विचारलं तर ती बहुधा एका वाक्यात सांगेल. मेंदीचा दोष नव्हता एवढं जरी ती म्हणाली, तरी बायकोच्या मनावरचं ओझं उतरेल. पण विचारायचं म्हणजे आईला त्या खोलीत का बसवलं होतं, तेही सांगावं लागेल. ते तिला कळू द्यायचं नाही, असं आईने दारातच ठरवून टाकलं होतं. बायको म्हणते, विचारा. आई म्हणते, कायले. मी दोघींचंही ऐकतो, आणि फोन ठेवताना बाळाची चौकशी करतो.