आत्यांच्या भरवशाचा दोरा

माझ्या नवऱ्याच्या आत्यांइतका संशयी माणूस कांजूरमार्गात तरी दुसरा झाला नसेल. कचऱ्याच्या डम्पिंगकडून वारा सुटला की सगळ्या कांजूरला वास येतो. पण आत्यांचं ठाम मत असं, की तो खालच्या बिऱ्हाडातून मुद्दाम त्यांच्याच खिडकीकडे सोडला जातो. नारळ घेताना त्या तो स्वतःच्या नव्हे, नारळवाल्याच्या कानाशी हलवायच्या, म्हणजे साक्ष त्याच्याच तोंडून मिळावी. भरतकामाचा नवा दोरा आणला की पांढऱ्या कपात गरम पाण्यात टाकून, रंग सुटतो का ते बघत पहारा देत बसायच्या. एकदा आतोबांनी तो कप चहा समजून तोंडाला लावला. आत्यांनी आधी त्यांचे ओठ तपासले आणि दोरा दुकानदाराला परत केला.

दोऱ्याची एवढी चौकशी, कारण आत्या कागदावर भरतकाम करायच्या. जाड कागदावर आधी जलरंगात चित्र काढायचं, मग घडी घातलेल्या टॉवेलवर तो ठेवून सुईनं भोकं पाडायची आणि त्यांतून टाके घालायचे. त्यांचं सगळ्यात मोठं चित्र म्हणजे आमचं कुटुंब, गॅलरीत ओळीनं उभं. तिथे एक कडक नियम होता. ज्याची खात्री पटली तो दोऱ्यात, बाकीचे नुसते रंगात. "कापडाचं भोक बुजतं, कागदाचं नाही बुजत," त्या म्हणायच्या. "माणूस नीट बघूनच सुई लावायची."

अख्ख्या संसारानंतर आतोबांच्या फक्त मिशा टाचलेल्या होत्या, बाकी गृहस्थ जलरंगात. मांजर मात्र शेपटीपासून कानापर्यंत साखळी टाक्यात. ते रोज बांगडा पळवायचं, पण आत्यांचं म्हणणं, पळवतं तर तोंडावर पळवतं ना. आणि कोपऱ्यात चष्मा लावलेल्या खुद्द आत्या, त्याही रंगातच. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. खरं बोलायची वेळ आली की त्या मालवणीत शिरायच्या. "माझोच माका भरवसो नाय गो," त्या म्हणाल्या.

मी लग्न होऊन आले ती पिवळ्या साडीत, निव्वळ रंगात उभी राहिले. कधीतरी आपल्याला एक टाका पडावा असं मला फार वाटायचं. आई लवकर गेलेली, त्यामुळे असेल. एकदा फ्रीजमधले बांगडे ताजे म्हणून वाढले, ते पहिल्या घासाला पकडले गेले आणि माझी उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुढे त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, तेव्हा रोज मी त्यांना अंघोळ घातली. प्लॅस्टर निघाल्यावर धावत जाऊन चित्र बघितलं, तर नवे टाके त्यांच्या काठीला पडले होते. मला रडूच आलं.

मग त्यांची नजर अधू होत गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी करू दिलं नाही, कारण डोळ्यातून काढलेलं घरी न्यायला मिळणार नव्हतं. सुई बंद पडली. मी धीर करून म्हटलं, "आत्या, माझं राहूनच गेलं ना?"

"तुला कसली घाई गं? कुठे पळून चाललीस?" एवढंच म्हणाल्या.

गेल्या वर्षी आत्या गेल्या. चित्र मला द्यायचं असं त्यांनी आतोबांना सांगून ठेवलं होतं. फ्रेमवाल्यावर विश्वास नसल्यानं ते नुसतंच कपाटाच्या दाराला टोचलेलं होतं. मी ते काढलं, धूळ झटकायला खिडकीशी नेलं आणि मागून ऊन आलं. माझ्या पिवळ्या साडीतून प्रकाशाचे ठिपके दिसायला लागले. भांगापासून पावलांपर्यंत मी सगळी भोकांनी आखलेली होते. दोरा तेवढा ओवायचा राहिला होता. डोळे चांगले होते तेव्हाच कधीतरी त्यांनी मला टोचून ठेवलं असणार, आणि बोलल्या नाहीत. मी तिथेच खाली बसून पोटभर रडले.

त्या भोकांतून मी आता स्वतःला पिवळा दोरा घातला आहे, कपातल्या पाण्यात तपासून. कोपऱ्यातल्या आत्यांचा रंग मात्र दुपारच्या उन्हानं फिकट होत चाललाय. त्यांच्या अंगावर एकही भोक नाही. कधीकधी सुई घेऊन बसते, त्यांच्या चष्म्यापाशी टोक टेकवते आणि परत ठेवून देते. त्यांना न विचारता टोचलं, तर माझ्यावरचा त्यांचा भरवसा उडायचा.