सुया नसलेलं शेवळं

“थुका, मास्तर. आदी थुका. चावू नका, गिळू नका, थुका म्हन्ते ना!”

आई ओरडत होती. माझ्या आईचा आवाज असा, की तिनं आमच्या वाडीतून हाक मारली तर मुळशी धरणाच्या पल्याडच्या काठाची म्हैस पान्हा चोरायची. तो सगळा आवाज त्या दिवशी चार हातांवरून एकाच माणसावर सुटला होता. अंगणात घोंगडीवर माझे वनस्पतिशास्त्राचे सर बसले होते. धोतर, कोट, काळी टोपी, आणि तोंडात कच्च्या शेवळ्याचा बोटभर तुकडा.

शेवळं म्हणजे जूनच्या सुमाराला डोंगरात जमिनीतून भाल्यासारखा वर येणारा कोंब. त्याची भाजी करतात. कच्चं खाल्लं तर घशात गांधीलमाश्यांचं पोळं फुटल्यासारखं होतं. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनीच आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली शेवळ्याच्या पेशींतल्या सुया दाखवल्या होत्या. ऑक्झलेटच्या, काचेसारख्या, जुड्यांच्या जुड्या. तरी त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला, कारण मी त्यांना सांगितलं होतं की आमच्या डोंगरातल्या शेवळ्याला सुया नसतात. आमच्याकडे ते सकाळी अनशापोटी कच्चं खातात आणि त्यानं आवाज सुटतो. आईचा आवाज ऐकून त्यांना ते पटलंही असेल.

ही गोष्ट मी आजवर पंगतीत, प्रवासात, निरोपसमारंभात इतक्यांदा सांगितली आहे की माझ्या घरचे ती सुरू झाली की उठून पाणी प्यायला जातात. दर वेळी सरांची जीभ थोडी वाढायची. सुरुवातीला ती वांग्याएवढी होती. शेवटी शेवटी ती कोटाच्या दुसऱ्या बटणापर्यंत उतरली होती आणि सर ती हातानं उचलून आत ठेवत होते. लोक हसून लोळायचे, आणि मी बरोबर तिथंच थांबायचो. पुढचं कधी कुणाला सांगितलं नाही. ते आज लिहितो, आणि जिभेचं मापही खरं देतो. जीभ सुजली ती इतकीच, की सरांना दोन दिवस बोलता आलं नाही.

आम्ही महादेव कोळी. वाडी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या काखेत. वडील लवकर गेले, आणि आईनं मला सातव्या वर्षी पुण्याच्या वसतिगृहात घातलं. तिथून शाळा, शाळेतून कॉलेज. मुंबई राज्याचं महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागेची ही वर्षं. विज्ञानाच्या वर्गात डोंगरातला मी एकटाच. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तेव्हा शिपायानं मला खिडक्यांची फडकी आणायला धाडलं, आणि मी ती आणूनही दिली. तास सुरू झाल्यावर मी बाकावर बसलो, तेव्हा त्या बिचाऱ्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याची समजूत घालावी लागली.

सरांनी मात्र मला धरलं. शनिवारी प्रात्यक्षिक संपलं की तासभर थांबवून घ्यायचे. वस्तऱ्यानं पातळ छेद कसा घ्यायचा, पुस्तक कसं वाचायचं, इंग्रजी वाक्याला घाबरायचं कसं नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. रविवारी जेवायला घरी बोलवायचे, आणि त्यांच्या पत्नी मला त्यांच्याच ओळीत पाट मांडायच्या. त्या काळी त्या आळीत ही केवढी गोष्ट होती ते आता सांगून पटणार नाही. पण सरांना नुसतं देणं आवडायचं नाही. पहिल्याच शनिवारी ते म्हणाले, “मी तुला माझ्याकडचं एक झाड सांगतो, तू मला तुझ्याकडचं एक सांग. तुझ्या लोकांना जे ठाऊक आहे ते माझ्या पुस्तकात नाही.” आणि त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची एक कोरी वही काढली. वर माझं नाव घातलं, खाली बारीक अक्षरात स्वतःचं.

पहिल्या शनिवारी मी हिरडा सांगितला. दुसऱ्या शनिवारी साधी करवंदाची मुळी. तिसऱ्या शनिवारी माझं दुकान रिकामं झालं.

मला माझाच डोंगर ठाऊक नव्हता. सुटीत घरी जायचो तेव्हा आई वाटेनं चालताना झाडांची नावं घेत पुढं जायची आणि मी मागून पुस्तकात नाक खुपसून ठेचकाळत यायचो. वसतिगृहात आम्हाला सांगितलं होतं की ते सगळं मागं टाकून या. मी आज्ञाधारक, टाकून आलो. “सर, मला ठाऊक नाही,” एवढंच म्हणायचं होतं. पण त्या कॉलेजात मला गणित येत नाही, इंग्रजी येत नाही, ताटातलं जेवता येत नाही, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. डोंगर तेवढा मला येतो असा समज होता. तोही गेला असता तर माझ्याकडे काय उरलं असतं?

म्हणून मी तिसऱ्या शनिवारी एक झाड घडवलं. ते सरांना इतकं आवडलं की त्यांनी चष्मा काढून पुसला. मग काय, मी सुटलोच. पांगाऱ्याच्या फुलांवरून पावसाचे दिवस मोजणारे म्हातारे मी तयार केले. कुड्याच्या शेंगा उशाखाली ठेवून मुलगे जन्माला घातले. शनिवार ते शनिवार मी एक अख्खी जमात रचत होतो, आणि सर तिची लॅटिन नावं वळणदार अक्षरात उतरवून घेत होते. सुया नसलेलं शेवळं हा त्या सगळ्यांचा राजा. सर म्हणाले, हे खरं ठरलं तर ही नवी जातच आहे, आणि ती तुझ्या नावावर जाईल.

बी.एस्सी.चा निकाल लागला. मला वरचा वर्ग मिळाला. एम.एस्सी.साठी सरकारी शिष्यवृत्ती होती. ती मिळायची तर सरांचं शिफारसपत्र मुंबईला जायला हवं होतं. ते नाही गेलं, तर मी तालुक्याच्या शाळेत पाढे म्हणून घ्यायला मोकळा. सर म्हणाले, पत्र लिहीन, पण त्याआधी एकदा ही वही तुझ्या आईला वाचून दाखवू. ज्यांचं ज्ञान, त्यांच्या कानावरून गेलं पाहिजे.

मी त्यांना अडवायला काय काय नाही केलं. घाटात वाघ आणला. वाडीत पटकी पसरवली. आईला काशीला धाडलं आणि तिथं आजारी पाडलं. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एस.टी.ची दोन तिकिटं काढली. भुकूमपाशी गाडीचं पाणी उकळलं तेव्हा मी मनात म्हटलं, इंजिन फुटू दे. पण ड्रायव्हरनं विहिरीवरून बादली आणून ओतली, आणि गाडी दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकत पुढं निघाली.

वाडीत पोचलो तेव्हा आई शेवळी निवडत बसली होती. सरांचे डोळे लकाकले. ते घोंगडीवर बसले, एक कोंब उचलला, हुंगला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी त्याचा लचका तोडला. खरं तर मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता. उघडलं नाही, एवढंच.

आईनं त्यांची हनुवटी धरून त्यांना थुंकायला लावलं. शेजारच्या टोपलीतली हिरवी काकडाची फळं दगडानं ठेचली आणि त्यांच्या तोंडात कोंबली. “चगळा,” म्हणाली. काकडाचं फळ जहरी आंबट. त्या आंबटानं शेवळ्याची खाज मरते. म्हणून आमच्याकडे शेवळं शिजवताना खालचं पिवळं काढून टाकतात आणि वर काकडं ठेचून घालतात. हे वाडीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. सरांना तीन वर्षं जे हवं होतं ते त्या टोपलीत पडलं होतं. आईला एकदा विचारायचं, एवढंच माझं काम होतं.

सरांना जरा बरं वाटलं, पण जीभ हलेना. त्यांनी पिशवीतून काळी वही काढली, माझ्या हातात दिली आणि खूण केली, वाच. आईकडे बोट दाखवलं.

आईला अक्षर येत नव्हतं. सरांना बोलता येत नव्हतं. वाचणारा मी एकटा. हुशारी करायचा विचार मनात आला, नाही असं नाही. पण सरांना आपलं लिहिलेलं पाठ होतं आणि कान शाबूत होते. मी वाचू लागलो. हिरड्याला आई “व्हय” म्हणाली. करवंदाच्या मुळीला “व्हय, ताप आल्यावर” म्हणाली. सरांनी मान डोलावली.

मग कुड्याच्या शेंगा आल्या. आईचा हात थांबला. “ह्ये कुटलं?” म्हणून तिनं आधी वहीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पुन्हा शेवळं सोलायला घेतलं आणि खाली मान घालून म्हणाली, “व्हय. हाय आमच्यात तसं.”

पुढच्याला “व्हय”. त्याच्या पुढच्याला “व्हय”. पांगाऱ्याच्या म्हाताऱ्यांना ती म्हणाली की तिचा सासराही तसाच मोजायचा. जन्मात ती झाडाच्या बाबतीत खोटं बोलली नव्हती, कारण डोंगरात झाडाबद्दल खोटं बोलणं म्हणजे कुणाच्या तरी घरात माती पडणं. आणि तिला ते जमतही नव्हतं. पुण्यात माझ्या तोंडून ती थापांची पानं कशी झळकायची. तिच्या तोंडी ती फाटक्या लुगड्यासारखी दिसत होती. सर ऐकत होते, पेन्सिलीनं समासात बरोबरच्या खुणा करत होते. मी वाचतच गेलो. थांबू शकत होतो. एकेका “व्हय”वर माझी शिष्यवृत्ती मला जवळ येताना दिसत होती, म्हणून थांबलो नाही. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मग कळलावी आली. मी लिहून दिलं होतं की तिचा कंद उगाळून तान्ह्या मुलाला पोटदुखीवर देतात. कुठल्याशा शनिवारी काहीच सुचत नव्हतं, खिडकीबाहेर कुंपणावर तिचं लालपिवळं फूल दिसलं, म्हणून.

हातातलं शेवळं आईनं खाली ठेवलं. मी घाईनं पुढचं वाचायला घेतलं तर म्हणाली, “थांब.” आणि सरांना विचारलं, “मास्तर, ह्ये छापनार का तुमी? लोक वाचनार ह्ये?”

सरांनी मान हलवली, हो.

“मंग न्हाई,” ती म्हणाली. “कळलावीचा कंद जहर हाय. कुनी वाचून पोराला दिला तर त्ये पोरगं सांजंपत्तुर ऱ्हात न्हाई.” मग तिनं पदरानं हात पुसले. “मागलं बी खोडा, मास्तर. पयली दोन ऱ्हाऊं द्या, बाकी समदं खोडा. मी पोराच्या तोंडाकडं बगून व्हय म्हनले.”

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. सरांनी पाहिलं की नाही ते मला ठाऊक नाही, कारण मी वहीतून डोकं वर काढलं नाही. थोड्या वेळानं वहीवर सरांची पेन्सिल आली. त्यांनी ती माझ्या बोटांत दिली. मी माझ्या हातानं पानामागून पान खोडत गेलो. मनात येतं, इथं म्हणावं की पेन्सिल झिजून नखाएवढी उरली आणि कागद फाटून पलीकडचा डोंगर दिसायला लागला. तसं काही झालं नाही. सरळ रेघा मारल्या, आणि त्याला फार वेळही लागला नाही.

सर भाताची पेज प्याले. आईनं त्यांच्यासाठी शेवळ्यांची जुडी आणि काकडं पळसाच्या पानात बांधली आणि ती कशी करायची ते सरांनाच सांगितलं, मला नाही. सरांनी ते वहीच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. पुन्हा पुन्हा लिहिलेलं तिला दाखवत होते, आणि ती न कळता मान डोलावत होती. उतरताना, पौडपर्यंत, तिथून पुण्यापर्यंत सर एक अक्षर बोलले नाहीत. जिभेमुळे की माझ्यामुळे, हे मला कळेना, आणि त्या सगळ्या वाटेत मी जिभेच्या बाजूनं देवाला विनवत होतो.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. जीभ उतरली होती, ते झोपाळ्यावर बसून काहीतरी वाचत होते. मी जाताना भाषण रचूनच नेलं होतं. पश्चात्ताप त्यात ठासून भरला होता, वसतिगृह होतं, सातवं वर्ष होतं, माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा योग्य ठिकाणी आलं. शेवटी म्हणालो, “सर, माझ्यासाठी पत्र लिहू नका. मी त्या लायकीचा नाही.” खरं सांगायचं तर ते “नाही रे, असं काय म्हणतोस” म्हणतील, या हिशेबानंच म्हणालो.

सरांनी पुस्तकाचं पान उलटलं.

“पत्र तुमच्या वाडीला निघायच्या आदल्या दिवशीच टाकलं होतं,” ते म्हणाले.