चांगली अंगणवाडी

नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दोन अंगणवाड्या होत्या. गावातली माझी, आणि माळावरच्या वस्तीतली दुसरी, पत्र्याच्या खोलीत. मी तोंडाची फटकळ, त्यात मिरवायची भारी हौस. भिंतीवर पोपट, पेरू रंगवलेले, पोरांचे भांग पाडलेले, हात धुतल्याशिवाय सुकडीचा खाऊ नाही. वस्तीवरची पोरं शेंबडी, तक्ते फाटके. "तुमची अंगणवाडी हाय का मेंढरांचं वाडगं?" असं तिथल्या बाईंना मी तोंडावर विचारायची. त्या नुसत्या हसायच्या.

वस्तीवरची एक आई मात्र तीन वर्षांची पोर कडेवर घेऊन, त्या पत्र्याच्या खोलीवरून पुढं, पार माझ्याकडं यायची. म्हणायची, "तुमची शाळा चांगली हाय, बाई." मी फुगायची. पोर अगदी काडी होती. वजनकाट्याला टांगली की तिसरी श्रेणी, म्हणजे कुपोषित.

तेवढ्यात कळलं, इंदापूरहून तपासणीच्या मॅडम येणार, दोन्हींत चांगली कोणती ते ठरवणार. मी त्या आईला म्हटलं, "तपासणी होईस्तोवर हिला घरीच ठेव बाई. माझा वजनाचा तक्ता खराब होतोय."

तपासणी आज-उद्या करत दीड महिना लांबली. पोरीची सुकडी बंद, वजन बंद. मला आठवण नव्हती असं नाही. होती. पण आता चार दिवसांसाठी कशाला, असं रोज म्हणत राहिले. जळलं मेलं माझं शहाणपण!

मॅडम आल्या. वस्तीवरच्या बाईंनी आपली तीन वाळकी पोरं मुद्दाम पुढं बसवली. "ह्यांना दवाखान्यात न्यायला गाडी द्या," म्हणाल्या. चारचौघांत बोलणी खाल्ली त्यांनी, पण गाडी मिळवली. तिन्ही पोरं बारामतीला गेली आणि सुधारून आली. पहिला नंबर अर्थातच माझा.

मॅडम येऊन गेल्या त्याच आठवड्यात त्या पोरीला जुलाब लागले. अंगात काही नव्हतंच. दोन दिवसांत गेली.

मी तिच्या आईला भेटायला गेले. वाटलं, आता ही मला शिव्या घालणार. घालाव्यात असंच वाटत होतं. तिनं पदरानं डोळे पुसले, मला बसायला पोतं टाकलं.

"बाई, नंबर आला का तुमचा?"

"व्हय," मी म्हटलं.

"बरं झालं. लई रडायची यायला. पर म्या एक दिस सुदिक धाडली न्हाय."