रूथचं आधीचं नाव

अमेरिकेहून आलेला लिफाफा उघडला तेव्हा आधी आला तो वास. वाळ्यासारखा, पण वाळ्याहून गोडसर. बाहेर तीन दिवस शमाल वारा सुटला होता, दोह्याच्या अल अझीझिया भागातल्या आमच्या इमारतीसमोरची बोरीची झाडं धुळीने पिवळी पडली होती, खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावूनही दातांखाली रेती कचकचत होती. आणि त्या करड्या, कोरड्या दुपारी कुठल्या तरी दूरच्या कुरणाचा गंध आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन थांबला. लिफाफ्यात वाळल्या गवताची एक बारीक वेणी होती आणि एक फोटो. लॉराने वेणी उचलून घेतली आणि फोटो माझ्याकडे सरकवला.

लॉरा माझी सून. मुलगा इथे गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर, ती एका शाळेत शिकवते. आणि यजमान गेल्यापासून नाशिकचं घर बंद करून मी या दोघांकडे राहते. तिची आई वसंतात वारली. तिकडचं सगळं उरकून लॉरा परतली, दारात उभी राहिली, तेव्हा तिची कमरेपर्यंतची वेणी नव्हती. केस मानेशी कापलेले होते. दोह्याचा उन्हाळा तोंडावर आलेला, मला वाटलं उकाड्यासाठी कापले असतील. मी म्हणाले, "छान दिसतात गं, सुटसुटीत." ती नुसती हसली. पुष्कळ दिवसांनी मुलाकडून कळलं, की तिच्या आईकडच्या लोकांत जवळचं माणूस गेलं की केस कापतात. माझं ते वाक्य मला अजून गिळता आलेलं नाही.

आईकडचे लोक म्हणजे लाकोटा, अमेरिकेच्या मधोमध पसरलेल्या गवताळ मैदानांचे मूळ रहिवासी. फोटोतली आठ-नऊ वर्षांची मुलगी ही लॉराच्या आईची आजी. गळ्यापर्यंत बंद केलेला शाळेचा गडद गणवेश, आखूड कापलेले केस, आणि कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला, आपल्याला न दिसणाऱ्या कुणाकडे तरी लागलेले डोळे. मागे पेन्सिलीने एकच शब्द: रूथ. हे नाव तिला त्या शाळेने दिलं होतं. त्या काळी सरकारने लाकोटांची लेकरं आईबापांपासून तोडून दूरदूरच्या निवासी शाळांत नेली. गेल्या गेल्या त्यांचे केस कापले, नावं बदलली, घरची भाषा ओठांवर आली तर शिक्षा केली. लॉरा इंग्रजीत, थांबत थांबत हे मला सांगत होती. "केस कापले जाताना त्या मुलांना काय वाटलं असेल, आई?" तिने मला विचारलं. "आपल्या घरी कुणीतरी मेलं, असंच ना?"

रूथ पुढे माघारी आली, तिने संसार केला, म्हातारी होऊन मेली; पण शाळेआधीचं नाव तिने पोटच्या लेकीलाही सांगितलं नाही. लॉराच्या आईने अखेरच्या दिवसांत एक गोष्ट मागितली होती. आजीच्या थडग्यावरच्या दगडावर तिचं खरं नाव कोरायचं.

मग सगळा उन्हाळा लॉरा शोधत राहिली. शाळेतून आली की, आणि सुट्टीत दिवसभर, टेबलाशी बसून पत्रं लिही, जुन्या शिरगणतीच्या याद्या भिंगातून पाहावं तशी पडद्यावर मोठ्या करून वाची. मी शेजारी मेथी निवडत बसे. माझंही नाव लग्नात बदललं होतं. ताटात पसरलेल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव उमटलं, पेढे वाटले गेले, मी लाजून हसलेसुद्धा. रूथच्या दुःखाशेजारी माझं काही ठेवू नये, हे मला कळतं. पण गेल्या दिवाळीनंतर धाकटा भाऊ गेला, आणि माहेरच्या नावाने मला हाक मारणारं शेवटचं तोंड मिटलं, तेव्हापासून एखाद्या रिकाम्या संध्याकाळी मी ते नाव स्वतःच पुटपुटून पाहते. स्वतःच्या आवाजात ते परक्याचं वाटतं.

सप्टेंबरात तिकडच्या एका दप्तरखान्यातून नोंदवहीचं एक पान आलं. अनुक्रमांक, नवं नाव, बापाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात कारकुनाच्या तिरप्या अक्षरात, इंग्रजी लिपीत, मुलीचं जुनं नाव. लॉरा कितीतरी वेळ त्या शब्दावर बोट ठेवून बसली. तिला ती भाषा येत नाही. तिच्या आईलाही येत नव्हती. लाकोटा शिकवणाऱ्या एका वृद्ध बाईंनी फोनवर बोलायचं कबूल केलं. त्यांची सकाळ ती आमची तिन्हीसांज. फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला होता. मगरिबची अजान नुकतीच संपली होती आणि काचेवर धुरकट केशरी उजेड रेंगाळत होता.

बाई म्हणाल्या, कारकुनाने त्याच्या कानांना ऐकू आलं तसं लिहिलं. मधलं एक अक्षर दोन तऱ्हांनी उच्चारता येतं, आणि प्रत्येक उच्चाराने नावाचा अर्थ निराळा होतो. त्यांनी दोन्ही उच्चार करून दाखवले. लॉराने पुन्हा म्हणायला सांगितलं, मग आणखी एकदा. शेवटी तिने मान हलवली. तिला दोन्ही एकच वाटत होते.

मला वाटत नव्हते. एकात आपला त होता, दुसऱ्यात थ. मी उठून कागद घेतला, दोन्ही नावं देवनागरीत एकाखाली एक लिहिली आणि मोठ्याने वाचली. ती इथे लिहीत नाही. तो अधिकार माझा नाही. मग बाईंनी विचारलं, हे कोण बोललं.

"माझी सासू," लॉरा म्हणाली. "भारतातली."

"त्यांना पुन्हा म्हणायला सांग."

मी दोन्ही नावं पुन्हा म्हटली. बरोबर, असं त्या म्हणाल्या. मग यातलं तिचं कोणतं, लॉराने विचारलं. दोन्ही मुलीला शोभणारी आहेत, बाई म्हणाल्या. तिचं कोणतं ते तिलाच ठाऊक. फोन ठेवल्यावर लॉरा रडली. आई गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच.

मुलगा म्हणाला, त्यातलं एक निवड, तुझ्या आईची इच्छा तरी पुरी होईल. ती म्हणाली, "एकदा तिला भलतंच नाव दिलं गेलंय. मी पुन्हा देणार नाही." दगड घडवणाऱ्याला तिने कळवलं, रूथच्या वर एका ओळीची जागा कोरी ठेवा.

आता कधीकधी संध्याकाळी ती माझ्याकडून ती दोन अक्षरं शिकते. मी तिचा तळवा तिच्या ओठांपुढे धरते. थ म्हणताना त्यावर श्वासाची एक हलकी झुळूक लागते; त म्हणताना लागत नाही. कारकुनाच्या टेबलासमोर उभं राहून त्या पोरीने शेवटचं स्वतःचं नाव सांगितलं, तेव्हा तेवढी झुळूक तिच्या ओठांतून निघाली होती की नव्हती, हे सांगणारं आता कुणी नाही.