पेनियामिनाचा दंड

तीस वर्षं ऑकलंडमध्ये बस चालवून पेनियामिना निवृत्त झाला आणि तडक सामोआतल्या आपल्या गावी आला. घरचं कुणी उरलं नव्हतं. तरी गाव आपल्याला बघताक्षणी ओळखणार, याची त्याला कोण खात्री!

पहिला फटका लाव्हात बुडालेल्या जुन्या चर्चपाशी बसला. दारात गावातली एक नवी सून तिकिटं घेऊन बसली होती.

"पर्यटकांना दहा टाला."

"अगं पोरी, माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झालाय इथे!"

"मग आजोबांना फुकट. तुमचे दहा."

चडफडत पैसे देऊन त्याने चर्च पाहिलं आणि लहानपणीच्या कुंडावर जाऊन मनसोक्त डुंबला. संध्याकाळी ओल्या लुंगीत, नारळाचा पाव खात तो भर रस्त्याने निघाला आणि शंख वाजला. प्रार्थनेची वेळ! आता सगळ्यांनी घरात बसायचं, रस्त्यावर चिटपाखरू नको, दिसेल त्याला दंड. ऑकलंडमध्ये राहून हे तो साफ विसरला होता. पहाऱ्यावरचे दोन धिप्पाड गडी काठ्या घेऊन धावत आले. पेनियामिनाने पाव पाठीमागे लपवला.

"घाबरू नका साहेब," एकजण गोड हसला. "पाहुण्यांना माफ असतं. झाडाखाली बसा."

माफ? पेनियामिनाच्या काळजात कळ उठली. दहा टालांनीही एवढं दुखलं नव्हतं. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि भसाड्या आवाजात गाऊ लागला. घराघरांतली प्रार्थना अडखळली.

प्रार्थना संपताच त्याला गावच्या प्रमुखापुढे उभं केलं. प्रमुख म्हणजे त्याचाच शाळूसोबती, सामासोनी.

"अरे, पेनी तू? हे पोट कुठून आणलंस?" सामासोनी खदखदून हसला. "सोडा रे त्याला. पाहुणा माणूस आहे."

"पाहुणा तुझा बाप! मी या गावचा आहे. दंड कर मला!"

सामासोनीचं हसू मावळलं. मग त्याने घसा खाकरला.

"दंड एक डुक्कर. आणि माझा बाप काढलास म्हणून ते मोठं हवं."

पेनियामिनाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून विकत घेतलेलं, कर्कश किंचाळणारं डुक्कर खांद्यावर टाकून तो निघाला. प्रमुखाचं घर डावीकडे होतं, पण हा पठ्ठ्या उजवीकडे वळला आणि सगळ्या गावाला वळसा घालून गेला. चर्चपाशी दम खायला थांबला आणि तिकिटाच्या पैशांसाठी खिसा चाचपू लागला.

"राहू द्या काका," सून तिकिटांआड हसू दाबत म्हणाली. "गावातल्या गुन्हेगारांना फुकट."