मेलेला उठतो काय?

तोफ उडाली नि माझी दोन वर्षांची पोर हात सोडून थेट लढाईत घुसली! किल्ल्यावर जुन्या लढाईचा खेळ चाललेला, पण तलवारी लोखंडाच्याच हो! मी किंचाळले. तेवढ्यात बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीजवळ मरून पडलेल्या मावळ्याने तिला खेचून ढालीखाली घेतलं. बघते तर आमचा रेशनवाला! दुकानात मी एकटी असले तरी "रांगेत उभ्या राहा" म्हणणारा.

"अहो, उठा, द्या तिला!"

"वहिनी, मी मेलोय. मेलेला उठतो काय? लढाई संपू दे."

पोर त्याच्या पोटावर बसून चिकटवलेली मिशी उपटतेय, नि हा डोळे मिटूनच म्हणतो, "तोवर रांगेत उभ्या राहा."

आणि मी राहिले हो, एकटीच रांगेत! तुम्ही काय केलं असतं?